शेजारी ऐकू येत नाही, तरी माणूस बुडतो : मोर्सच्या फिल्टरचं एक प्रकरण

"माझा माणूस बुडतो गो. आणि बुडवणारा कोण, ते ऐकूच येत नाही."

काकांचा हा फोन श्रावणात आला, रात्री साडेअकराला. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. वय सत्तरीपार, मुक्काम रत्नागिरी, भाट्याच्या बाजूला. नोकरी सगळी मालवाहू जहाजांवर, रेडिओ ऑफिसर म्हणून. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस ही समुद्रावरच्या संकटसंदेशांची, उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओवर आधारलेली व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, जहाजावर मोर्स जाणणारा माणूस असण्याची गरज संपली, आणि काका घरी आले. घरी येऊन स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला. मला मोर्स त्यांनीच शिकवलं. मी तेव्हा शाळेत होते. कागदावर ठिपके-रेघा काढलेल्या दिसल्या की ते कागद काढून घ्यायचे.

"माणूस" म्हणजे पलीकडचं स्टेशन, हे वेगळं सांगायला नको. तक्रार अशी होती : रात्री ७ मेगाहर्ट्झच्या तळाशी, जिथे सीडब्ल्यूवाले, म्हणजे मोर्समध्ये बोलणारे, दाटीवाटीने बसलेले असतात, तिथे लांबचं एखादं क्षीण स्टेशन लागतं. ते उतरवून घेताना मध्येच दबतं, क्षणभर जवळजवळ नाहीसं होतं, परत वर येतं. मी म्हटलं, फेडिंग असेल (वाटेत लहरींची ताकद आपसूक कमी-जास्त होणं). काका चिडले. "फेडिंग मला शिकवतेस? ते ओहोटीसारखं सावकाश उतरतं. इथे कोणीतरी मान धरून दाबतोय. आणि दाबणाऱ्याला मोर्स येतं."

या शेवटच्या वाक्यात निदान संपूर्ण होतं. मला ते समजायला तीन आठवडे लागले.

काकांचा सेट याएसूचा एफटी-८५७डी, वापरलेला घेतलेला. लहानसा आहे, गाडीत बसेल एवढा, पण एचएफचे, म्हणजे शॉर्टवेव्हचे, सगळे बँड त्यात आहेत. त्यातली मोर्स ऐकण्याची वाट थोडक्यात अशी : अँटेनावरून आलेला संदेश आधी ६८.३३ मेगाहर्ट्झच्या पहिल्या आयएफवर (सेटच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर) जातो, मग ४५५ किलोहर्ट्झच्या दुसऱ्या आयएफवर. तिथे कारखान्यातून बसवलेला सिरॅमिक फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारी चाळण, असतो, रुंदी २.२ किलोहर्ट्झ. ही रुंदी बोलण्यासाठी बेतलेली आहे. त्यानंतर संदेशाचा आवाज करणारा डिटेक्टर, मग ऑडिओ, आणि ऑडिओत शेवटी डीएसपी, म्हणजे आवाज आकड्यांत गाळणारी चिप. या डीएसपीत सीडब्ल्यूसाठी २४०, १२० आणि ६० हर्ट्झ अशा तीन रुंदी मिळतात. शिवाय ४५५ किलोहर्ट्झच्या टप्प्यावर आणखी दोन फिल्टर बसवण्यासाठी दोन खण रिकामे ठेवलेले असतात. काकांच्या सेटमध्ये दोन्ही रिकामेच होते.

आता कोणीही म्हणेल, ६० हर्ट्झचा फिल्टर हाताशी असताना आणखी काय हवं? काका नेमके तेच लावून बसले होते. शेजारचं जोरदार स्टेशन त्यांना ऐकू येत नव्हतं ते त्यामुळेच. पण माणूस बुडतच होता.

माझी स्वतःची चूक इथे नोंदवून ठेवते. आदल्या वर्षी मी त्यांना एक ऑडिओ फिल्टर करून दिला होता. चार ऑप-अँप (संदेश वाढवणारी लहान सर्किटं), मध्य ७०० हर्ट्झ, रुंदी शंभरेक हर्ट्झ, सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबापाशी घेतलेले. माझ्या बीटेक्स-४० वर ती डबी सुरेख चालली होती. बीटेक्स म्हणजे हैदराबादचे अशर फरहान (हॅम म्हणून त्यांचं ओळखचिन्ह व्हीयू२ईएसई) यांनी रचलेला स्वस्त आणि मस्त सेट. गर्दीत लावली की एकच सूर उरायचा, बाकी सगळं मागे पडायचं. त्या आनंदात दुसरी डबी करून रत्नागिरीला पाठवली. काकांचा अभिप्राय आला : "डबी छान आहे. माणूस बुडतोच." मला वाटलं, म्हाताऱ्याला सवय व्हायला वेळ लागेल.

माझ्याकडे चालणारी डबी त्यांच्याकडे का चालू नये, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. उत्तर साधं आहे. बीटेक्स-४० मध्ये एजीसी नाही.

एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था, काय करते हे कोकणातल्या घराच्या भाषेत सांगते, कारण काकांना मी तसंच सांगितलं. एजीसी बसलाय ओटीवर. डीएसपी बसलाय माजघरात. बाहेरून जो कोणी मोठ्याने बोलत ओटीवर येईल, त्याच्याकडे बघून एजीसी अख्ख्या घराचा आवाज खाली करतो. माजघराचं दार अरुंद आहे, त्यामुळे तो बडबड्या आत येत नाही, आत बसलेल्याला तो ऐकूही येत नाही. पण घराचा आवाज तर खाली गेलेलाच आहे. मग माजघरात जो हळू बोलत होता, त्याचं काय ऐकू येणार? बडबड्याने श्वास घेतला की एजीसी आवाज वर करतो, हळू बोलणारा पुन्हा ऐकू येतो. बडबड्या मोर्समध्ये बोलत असेल, तर दाबणंही मोर्सच्याच लयीत होणार.

माजघराचं दार कितीही अरुंद केलं तरी उपयोग नाही. दार ओटीच्या पायरीवर लावायला हवं. म्हणजे फिल्टर ४५५ किलोहर्ट्झवर, एजीसीच्या आधी. मोर्ससाठी फिल्टर म्हटलं की पहिला प्रश्न "किती हर्ट्झचा?" असा येतो. माझं आता ठाम मत आहे की पहिला प्रश्न "कुठे बसणार?" हा असायला हवा. रुंदीचं नंतर.

पण हे सगळं फोनवर सुचलेलं तर्कट होतं. एखादा सुटा भाग परदेशातून मागवायचा, तर आधी खात्री हवी. ती करायला गणपतीत रत्नागिरीला गेले.

चार रात्री

पहिल्या रात्री गोंगाट तपासला. ७ मेगाहर्ट्झवर एस-मीटर (येणाऱ्या संदेशाची ताकद दाखवणारा) स्टेशन नसतानाही बराच वर उभा होता. घराचा मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर चालवला. गोंगाट झपकन उतरला. मग एकेक सर्किट चालू करत गेलो. गुन्हेगार निघाला गणपतीच्या आराशीतल्या एलईडी माळांचा अडॅप्टर. माळा बंद, गोंगाट बंद. काकूंच्या भुवया मात्र वर गेल्या, आणि बाप्पापुढे समई आहे तेवढी पुरे, हे काकांचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं नाही. तडजोड अशी झाली की रात्री दहानंतर माळा बंद.

हे काम फिल्टरच्या आधी करायचं, हे मी प्रत्येकाला सांगते. घरातल्या अडॅप्टरचा चरचराट अरुंद फिल्टरने थोडा कमी होतो, जात नाही. उलट ठिणगीसारखा क्षणिक खटका अरुंद फिल्टरमधून गेला की लांबतो, घुमतो. असे खटके छाटणारा नॉइज ब्लँकर फिल्टरच्या आधी बसवलेला असतो तो म्हणूनच. खटका रुंद वाटेवर असतो तेव्हाच छाटता येतो.

काकांची तक्रार अर्थात गणपतीच्या आधीची होती. माळा काढल्या तरी माणूस बुडायचा राहिला नाही.

दुसऱ्या रात्री सेटचं पुढचं तोंड तपासलं. ७.२ मेगाहर्ट्झच्या वर रात्री प्रसारण केंद्रांचा बाजार भरलेला असतो, आणि त्यांच्या ताकदीने सेटच्या पहिल्या टप्प्यातच गोंधळ होऊ शकतो. तसा गोंधळ ओळखायची जुनी युक्ती आहे : आत येणारं सगळं क्षीण करणारा १० डेसिबलचा अटेन्युएटर लावायचा. खरं स्टेशन १० डेसिबलने खाली जाईल. दोन जोरदार संदेशांच्या मिश्रणातून जन्मलेलं खोटं स्टेशन मात्र ३० डेसिबलच्या आसपास खाली जाईल, कारण तिसऱ्या क्रमाचं मिश्रण तिप्पट वेगाने घसरतं. आम्ही अटेन्युएटर लावून पाहिला, प्रीअँप, म्हणजे पहिल्याच टप्प्यावर संदेश वाढवणारा भाग, बंद करून पाहिला. सगळं सारख्याच प्रमाणात खाली गेलं. बुडणं जसंच्या तसं. म्हणजे दोष तोंडाशी नव्हता. असता, तर ४५५ किलोहर्ट्झवर कितीही चांगला फिल्टर बसवून काडीचा फरक पडला नसता.

तिसरी रात्र निर्णायक ठरली. एजीसी पूर्ण बंद केला, आणि आरएफ गेन, म्हणजे संदेश किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब, हाताने खाली आणला. (या सेटमध्ये तोच नॉब स्क्वेल्चलाही, म्हणजे स्टेशन नसताना गोंगाट गप्प ठेवायलाही, वापरतात, तो आरएफ गेनला लावून घ्यायचं काम मेनूत एकदा करावं लागतं.) रात्री बाराच्या सुमाराला एक क्षीण स्टेशन मिळालं, शेजारी आडदांड. डीएसपी १२० वर. आणि माणूस बुडला नाही. शेजारी बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. आमच्या माणसाचा सूर जागचा हलला नाही. एजीसी चालू केला, लगेच बुडायला लागला. बंद केला, स्थिर. काकांनी हे पाच-सहा वेळा करून घेतलं, लहान मुलाने दिव्याचं बटण दाबावं तसं.

मग हेडफोन काढून ते म्हणाले, "हे तर आम्ही जहाजावर रोज करायचो. एक हात कीवर, एक हात गेनवर. मग फिल्टर कशाला घ्यायचा?"

प्रश्न खोटा नव्हता. पण एजीसी बंद असताना नॉब जरा वर राहिला आणि जवळचं एखादं स्टेशन अचानक नेमक्या त्याच जागी सुरू झालं, तर हेडफोनमध्ये जो दणका बसतो तो सत्तरीतल्या कानांना परवडणारा नाही. तो दणका त्याच रात्री दीड वाजता बसला. काकांनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि काही न बोलता पाणी प्यायला गेले. फिल्टर घ्यायचं तिथे ठरलं.

चौथ्या रात्री पाऊस आणि विजा. बँडवर नुसता कडकडाट. अँटेनाची वायर काढून बाहेर टाकली आणि झोपलो.

पाचशे की तीनशे

या सेटसाठी ४५५ किलोहर्ट्झवर बसणारे सीडब्ल्यूचे दोन फिल्टर कंपनीने ठेवले होते. वायएफ-१२२सी, रुंदी ५०० हर्ट्झ. आणि वायएफ-१२२सीएन, रुंदी ३०० हर्ट्झ. दोन्ही कॉलिन्सच्या यांत्रिक जातीचे. यांत्रिक म्हणजे अक्षरशः यांत्रिक. विजेचा संदेश आत धातूच्या नेमक्या मापाच्या तुकड्यांना कंप देतो, ठरावीक कंपनाचेच तुकडे साथ देतात, आणि दुसऱ्या टोकाला कंपाची पुन्हा वीज होते. अमेरिकेच्या कॉलिन्स कंपनीने ही कल्पना १९५० च्या दशकात रेडिओत रूढ केली. काकांना हे फार आवडलं. "म्हणजे आत घंटा बांधलेली आहे म्हण."

आहेच. आणि घंटा म्हटली की घुमणं आलं. फिल्टर जितका अरुंद, तितका तो सुरू व्हायला आणि थांबायला वेळ घेतो. साधारण हिशेब एक भागिले रुंदी : ५०० हर्ट्झला २ मिलिसेकंद, ३०० ला ३.३, ६० ला जवळजवळ १७. आता मोर्सकडे बघू. मिनिटाला २५ शब्द हा काकांचा आरामाचा वेग. या वेगाला एक डिट, म्हणजे ठिपका, ४८ मिलिसेकंदांचा असतो (१२०० भागिले शब्दसंख्या, हे सूत्र पाठ असलेलं बरं). ४८ मध्ये १७ मिलिसेकंद घुमण्यात गेले की डिटचे कोपरे झिजतात, दोन डिटांमधली फट भरत जाते. डीएसपी ६० वर ठेवला की "रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं" ऐकू येतं असं काका म्हणायचे, त्याचं कारण हे. ५०० आणि ३०० मध्ये मात्र या बाबतीत निवड करण्यासारखं काही नाही. २५ शब्दांच्या मोर्सला, फेडिंग धरूनही, शंभरेक हर्ट्झ पुरतात. दोन्ही फिल्टर त्याहून ऐसपैस आहेत.

गोंगाटाच्या हिशेबातही फार अंतर नाही. २.२ किलोहर्ट्झवरून ५०० वर आलं की गोंगाटाची शक्ती ६.४ डेसिबलने घटते, ३०० वर आलं की ८.७ ने. पण हा कागदावरचा फायदा कानाला पूर्ण मिळत नाही, कारण कान स्वतःच फिल्टर आहे. ५०० हर्ट्झच्या सुराभोवती निरोगी कान साधारण ८० हर्ट्झचा पट्टा वेगळा काढतो, ७०० च्या सुराभोवती १०० चा. जाता जाता, काकांच्या सेटमध्ये मोर्स ज्या सुरात ऐकू येतं तो सूर आम्ही ७०० वरून ५०० वर आणला तो याच कारणाने. एक तर कानातला फिल्टर थोडा अरुंद होतो, आणि दोन सुरांमधलं ५० हर्ट्झचं अंतर ७०० पेक्षा ५०० जवळ जास्त ठळक कळतं. शिवाय वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. खर्च शून्य. मोर्स ऐकणाऱ्या प्रत्येकाने अरुंद फिल्टर शोधण्याआधी सूर खाली आणून बघावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आठवडाभर परकं वाटतं, मग जुना सूर कर्कश वाटायला लागतो.

मग ५०० आणि ३०० मध्ये खरा फरक कशाचा? उताराचा. फिल्टरची रुंदी ६ डेसिबल घटीला मोजतात, पण शेजाऱ्याला थोपवायचं असतं ते ६० डेसिबलपाशी. ५०० चा फिल्टर ६० डेसिबलला २ किलोहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे हजार हर्ट्झ. ३०० चा १ किलोहर्ट्झ, दोन्हीकडे पाचशे. तुलनेला, कारखान्यातून आलेला सिरॅमिक फिल्टर त्या पातळीला ४.५ किलोहर्ट्झ पसरलेला असतो.

आता काकांचा प्रसंग या आकड्यांत ठेवून बघा. त्यांचा माणूस एस-३. शेजारी एस-९ च्या वर २० डेसिबल. एस-चा एक टप्पा ६ डेसिबलचा धरला तर सहा टप्पे म्हणजे ३६, त्यात २० मिळवले की ५६. एजीसीच्या नजरेत शेजारी माणसाइतकाच लहान दिसायला हवा असेल, तर त्याला ५६ डेसिबलने कापलं पाहिजे. ५०० च्या फिल्टरने हे साधतं शेजारी जवळपास हजार हर्ट्झ लांब असेल तेव्हा. ३०० च्या फिल्टरने साधतं पाचशे हर्ट्झवरच.

यावर मी निकाल देऊन मोकळी झाले : ३००. शेजारी किती अंतरावर असतात हे काकांनी वहीत लिहावं, एवढंच फक्त खात्रीसाठी सांगितलं. मोजायची रीत सोपी. डीएसपी बंद करायचा, डायल फिरवून शेजाऱ्याचा सूर आपल्या माणसाच्या सुराला जुळवायचा, आणि डायलवर किती हर्ट्झ सरकलो ते वाचायचं. जहाजावरच्या माणसाला नोंदी ठेवायला दोनदा सांगावं लागत नाही. पुढच्या दोन आठवड्यांच्या वहीत वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), अंतर हर्ट्झमध्ये, शेरा मराठीत. बहुतेक शेजारी ६०० ते १,२०० च्या दरम्यान होते. ४०० च्या आतले थोडे. शेऱ्यांमध्ये "मेला" हा शब्द वारंवार.

वहीनेही माझ्याच बाजूने कौल दिला, असं मला वाटलं. काकांना नाही वाटलं.

पाचशे किलोहर्ट्झचा माणूस

काकांचा कान ५०० किलोहर्ट्झवर घडलाय, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. समुद्रावर हाक मारायची आणि संकटाचा संदेश द्यायची ही एकच जागा होती. जहाजं, किनाऱ्यावरची स्टेशनं, मुंबईचं व्हीडब्ल्यूबी, सगळे तिथेच. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ ही तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, फक्त एसओएस ऐकायचा. रेडिओ खोलीतल्या घड्याळावर ते भाग लाल रंगवलेले असायचे. अशा जागी अरुंद फिल्टर लावून बसलेला ऑपरेटर म्हणजे कानात बोळे घालून बसलेला राखणदार. त्यांच्या रिसीव्हरलाही रुंद-अरुंदचा खटका असायचा, पण पहारा रुंदवर. सात-आठ जहाजं एकदम वाजत असताना त्यातलं एक निवडून बाकीच्यांवर अर्धा कान ठेवायचा, हे त्यांचं पोटापाण्याचं कौशल्य.

"बाकीचे कुठे आहेत ते कळलं नाही, तर आपण कुठे आहोत ते कसं कळणार?" असं ते म्हणाले.

दुसरी अडचण व्यावहारिक होती. काका रविवारी संध्याकाळी मिनिटाला दहा-बारा शब्दांच्या वेगाने सीक्यू, म्हणजे कोणीही उत्तर द्यावं अशी हाक, देतात, नव्या परवानेवाल्यांसाठी. ही मुलं उत्तर देतात ती कधीच नेमक्या जागी देत नाहीत. कोणी दोनशे हर्ट्झ वर, कोणी तीनशे खाली. ३०० चा फिल्टर म्हणजे दोन्हीकडे दीडशे. ही पोरं दाराबाहेरच हाका मारत राहणार. मी म्हटलं, सीक्यू देताना जुना २.२ किलोहर्ट्झचा फिल्टर लावा, तो कुठे जात नाही. काका म्हणाले, मग माणूस बुडेल. तेही खरंच.

भांडण सोडवायला आम्ही नेदरलँड्सला गेलो, घरबसल्या. एन्सखेडे इथल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर म्हणजे तिथे अँटेनाला जोडलेला रिसीव्हर; तो इंटरनेटवरून कोणालाही वापरता येतो, आणि त्याच्या फिल्टरच्या कडा माउसने ओढून हव्या तेवढ्या जवळ आणता येतात. रात्री युरोपातला ७ मेगाहर्ट्झ म्हणजे शनिवारचा आठवडी बाजार, त्यामुळे परीक्षा उत्तम होते. एक सावधगिरी मात्र घ्यायची : अशा रिसीव्हरमध्ये सगळं सॉफ्टवेअरात असतं, फिल्टर आधी आणि एजीसी मागून, म्हणून तिथे माणूस बुडत नाही. तिथे तपासायचा तो फक्त आपला कान.

काकांनी तीन रात्री ऐकलं. रुंदीचा आकडा मी पुण्यातून फोनवर विचारायचे, त्यांनी आधी बघायचा नाही असं ठरलेलं. आकडा न बघता त्यांना जिथे बरं वाटलं ती जागा प्रत्येक वेळी ४५० ते ६०० च्या मध्ये कुठेतरी निघाली. ३०० वर मी मुद्दाम बसवलं, तर पंधरा मिनिटांत "कोठीच्या खोलीत कोंडल्यासारखं" होऊन त्यांनी कडा परत बाहेर ओढल्या. एकेका स्टेशनासाठी ३०० ते सहन करायचे. मुक्काम करायचे नाहीत.

हिशेब माझा बरोबर होता. पण ज्या फिल्टरमधून रोज तीन तास ऐकायचं, तो हिशेबापेक्षा कानाला पटला पाहिजे. जो फिल्टर लावला की माणूस अर्ध्या तासात तो बंद करतो, त्याचा उतार कितीही उभा असला तरी तो खणात पडून राहिलेला धातूचा तुकडा आहे. ५०० ठरला.

(काकांचा मुलगा अबू धाबीला असतो. त्याने सरळ सांगितलं, आयकॉमचा आयसी-७३०० घ्या, हवी ती रुंदी बटणावर मिळते, ५० हर्ट्झपासून. त्याचं चुकलं नव्हतं. अशा सेटमध्ये अँटेनापासून जवळच संदेशाचे आकडे होतात, फिल्टर आणि एजीसी दोन्ही गणितात, त्यामुळे ओटी-माजघराचा प्रश्नच उरत नाही. तिथली काळजी वेगळी, आकडे करणारी चिपच अतिजोराने भरून जाऊ नये याची. काकांनी किंमत विचारली, आणि विषय आंब्याच्या मोहरावर नेला.)

फिल्टर नवा मिळण्याची शक्यता नव्हती. एफटी-८५७डीचं उत्पादन थांबलंय, आणि कॉलिन्सचे यांत्रिक फिल्टरही आता बनत नाहीत. वापरलेला शोधावा लागला. तो मुलाच्या ओळखीच्या एका हॅमकडून मिळाला आणि दिवाळीत त्याच्या बॅगेतून आला, जाताना फराळाचे डबे न्यायला रिकाम्या ठेवलेल्या जागेत.

बसवायला सोल्डरिंग लागत नाही. झाकण काढायचं, खणात सरळ दाबून बसवायचा, मेनूतून तो निवडायचा. वापरलेला फिल्टर घेतला तर एक तपासणी जरूर करावी : अँटेना काढून नुसता गोंगाट ऐकत मोबाइलवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं एखादं ॲप स्पीकरजवळ धरायचं. गोंगाटाचा उंचवटा दिसतो. त्याची रुंदी पाचशेच्या आसपास हवी, आणि मध्य आपण ठेवलेल्या सुरावर. उंचवटा एका बाजूला झुकलेला असेल, तर डायल नीट जुळवूनही आपला माणूस फिल्टरच्या कडेवर बसतो आणि मग सगळे म्हणतात फिल्टर वाईट. काकांचा उंचवटा मध्यावर होता. फिल्टर लावताच आवाज एकदम कमी झाल्यासारखा वाटला आणि काका दचकले. कमी झाला होता तो गोंगाट. व्हॉल्यूम थोडा वाढवल्यावर माणूस तिथेच होता.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार

सीक्यू वर्ल्ड वाइडची सीडब्ल्यू स्पर्धा, म्हणजे जास्तीत जास्त स्टेशनांशी मोर्समध्ये बोलण्याची शर्यत, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, ४८ तास. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. बँडवर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. फिल्टरची याहून कडक परीक्षा नाही. मी शुक्रवारीच रत्नागिरीला पोचले.

शनिवारी रात्री ७ मेगाहर्ट्झ. ५०० चा फिल्टर, मागे डीएसपी २४० वर किंवा बंद. हजार हर्ट्झवरचे शेजारी नाहीसे झाले होते. आणि आता नाहीसे म्हणजे खरोखर नाहीसे, लपलेले नव्हेत. आठशेवरचे कधीमधी किंचित टोचायचे. पावणेबाराला एक फार क्षीण स्टेशन मिळालं आणि त्याच्यापासून मोजून चारशे हर्ट्झवर युरोपातलं एक धिप्पाड स्टेशन येऊन बसलं. माणूस बुडायला लागला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता डावा हात आरएफ गेनवर नेला, डीएसपी १२० केला, दोनदा मागून नंबर घेतला, आणि वहीत लिहिला.

"तीनशेचा असता तर हात लावावा लागला नसता," मी म्हटलं.

"तीनशेचा असता तर मेला दीडशेवर येऊन बसला असता."

यावर माझ्याकडे उत्तर आहे, आकड्यांसकट. स्पर्धेच्या गर्दीसाठी ३०० च बरा, हे माझं मत अजून बदललेलं नाही, आणि सेटमध्ये एक खण रिकामा आहे. मी शोध चालू ठेवलाय हे काकांना ठाऊक आहे. रविवारी रात्री निघताना वहीचं शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. वर अँटेनाची लांबी, सुराचा आकडा, फिल्टर बसवल्याची तारीख. खाली शिसपेन्सिलीने एक ओळ : खण २ रिकामा, घाई नाही.